मधल्या पाचशे मीटरचा मालक कोण?

प्रति,
नीती आयोग, नवी दिल्ली
विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग, भारत सरकार
केंद्रीय भूजल मंडळ
भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, महाराष्ट्र शासन

विषय: कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) खोल वालुकाश्मात, म्हणजे वाळूच्या दगडात, साठवण्याआधी तिथलं पाणी कुठून कुठे वाहतं ते मोजण्याबाबत

महोदय, महोदया,

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावती तालुक्यात आमच्या शेतात एक विहीर आहे. बेचाळीस फूट खोल. वर पाच-सहा फूट काळी माती आणि खाली तांबूस-पिवळा वाळूचा दगड. बाबा दर अमावास्येला दोरीला खडा बांधून विहिरीत सोडायचे आणि पाणी किती हातांवर आहे ते वहीत लिहायचे. वही १९८४ साली सुरू झाली. पहिल्या वीस-बावीस वर्षांत आकडे पावसाबरोबर वरखाली होतात. मग चार किलोमीटरवर उघडी कोळसा खाण सुरू झाली आणि पुढच्या तीन उन्हाळ्यांत दोरी कमी पडायला लागली. खाणीतून एक साहेब आले होते. ते सभ्यपणे म्हणाले, "काका, तुमची विहीर कुठे, आमची खाण कुठे. मध्ये चार किलोमीटर आहेत." बाबांनी चहा पाजला, वाद घातला नाही. विहिरीत आडवे बोअर मारून घेतले, दोन वर्षं पाणी मिळालं, मग तेही आटलं. पाणी आणि खाण एकाच दगडात आहेत, एवढी साधी गोष्ट त्या साहेबांच्या कागदावर नव्हती.

त्या दगडाच्या मागे लागूनच मी नागपुरात भूगर्भशास्त्र शिकले आणि पुढे नऊ वर्षं ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये खोल बोअरांतलं पाणी मोजायचं काम केलं. आता परत आले आहे, आणि आपल्या अहवालांत तोच चार किलोमीटरचा युक्तिवाद उभा राहिलेला पाहते आहे. या वेळी तो आडवा नाही, उभा आहे: "तुमची विहीर वर आहे, आम्ही तर आठशे मीटरच्या खाली."

नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्बवायू पकडून वापरण्याचा आणि साठवण्याचा धोरण-अहवाल काढला. २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टन वायू पकडता येईल, असं त्यात म्हटलं आहे. साठवायला जागा किती, तर एकूण ३९५ ते ६१४ अब्ज टनांची. त्यातले २९१ अब्ज टन एकट्या खाऱ्या पाण्याच्या खोल थरांत. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने मुंबईच्या आयआयटीत आणि बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात यासाठी राष्ट्रीय केंद्रं उभी केली आहेत. झारखंडमध्ये पकरी बरवाडीहच्या कोळसा क्षेत्रात एनटीपीसीने २०२५ मध्ये साठवणीची विहीर पाडायला घेतली. ते खोरं गोंडवन कुळातलं, म्हणजे कोळसा धरणाऱ्या जुन्या थरांचं आहे. आमचं वर्धा खोरंही त्याच कुळातलं: बाराकर, कामठी असे वाळूच्या दगडाचे थर वरोरा-चंद्रपुरापासून सिरोंचामार्गे तेलंगणात उतरत जातात. उद्या आमचा नंबर लागल्यावर लिहून उपयोग नसतो. म्हणून आज लिहिते आहे.

आधीच सांगते, या कल्पनेला माझा विरोध नाही. ज्या जिल्ह्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र गावाच्या डोक्यावर धूर सोडत असतं, तिथल्या माणसाला हवामानबदल कोणी समजावून सांगावा लागत नाही. माझी तक्रार आपल्या हिशेबाबद्दल आहे.

पहिली तक्रार 'जागा' या शब्दाची. खोल वालुकाश्मात मोकळी जागा नावाची गोष्ट नसते. वाळूच्या कणांमधली प्रत्येक फट पाण्याने भरलेली असते आणि ते पाणी लाखो वर्षं तिथे असू शकतं. भरल्या हंड्यात गडू बुडवला की काठावरून पाणी येणारच. क्षमतेचे आकडे काढायची रीत अशी: थराचं क्षेत्रफळ गुणिले जाडी गुणिले फटींचं प्रमाण गुणिले वायूची घनता, आणि शेवटी काही टक्क्यांचा एक 'कार्यक्षमता' गुणक. या गुणाकारात हंडा मोजला जातो, काठावरून काय सांडलं ते नाही.

किती सांडेल? ढोबळ हिशेब करून बघते. चंद्रपूरचं केंद्र साठ टक्के भाराने चाललं आणि एका मेगावॉट-तासाला एक टन वायू धरला, तर वर्षाला साधारण दीड कोटी टन होतो. आठशे मीटरच्या खाली दाबामुळे वायू दाट होतो, घनमीटरला सहाशे-सातशे किलोपर्यंत. म्हणजे दीड कोटी टनांना दोन कोटी घनमीटरहून जास्त जागा लागते. आपल्या नेहमीच्या मापात पाऊण टीएमसी. अडीच-तीन वर्षांत एक खडकवासला भरेल एवढं पाणी दगडातल्या दगडात सरकवावं लागेल, आणि तेही एका वीजकेंद्रासाठी. सगळा वायू कोणी जमिनीत घालणार नाही, मान्य. पण चौथा हिस्सा घातला तरी प्रश्न तोच राहतो: सरकलेलं पाणी कुठे जाणार?

इथे दोनच शक्यता आहेत. दगड चहूबाजूंनी बंद असेल, म्हणजे तुटून सरकलेल्या थरांनी आणि चिकणदगडांनी पेटीसारखा कोंडलेला असेल, तर पाणी कुठेच जाणार नाही. मग पाणी आणि दगड दाबून जी जागा होईल तेवढीच आपली. ती फटींच्या एखाद टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. नॉर्वेला याचा अनुभव आहे. स्नोव्हिटच्या क्षेत्रात २००८ मध्ये एका वालुकाश्मात वायू सोडायला सुरुवात झाली, दाब अपेक्षेपेक्षा भराभर चढला आणि २०११ मध्ये तो थर सोडून दुसरा धरावा लागला. अल्जीरियात इन सालाहला २००४ ते २०११ दरम्यान ३८ लाख टन वायू सुमारे १.९ किलोमीटर खोल सोडला. वरची वाळवंटाची जमीन वर्षाला काही मिलिमीटरांनी फुगताना उपग्रहाला दिसली, आणि पुढे काम थांबवलं गेलं.

दगड उघडा असेल तर भरपूर वायू मावतो, कारण पाणी वाट काढतं. आणि ती वाट कुठे निघते हे ज्याला माहीत नाही, त्याने त्या दगडाला चांगला म्हणू नये.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. क्वीन्सलंडमध्ये प्रिसिपिस नावाचा ज्युरासिक काळातला वालुकाश्म आहे. उत्तरेला कार्नार्व्हन दरीत त्याचे पांढरे कडे उभे आहेत आणि दक्षिणेला तोच दगड दोन किलोमीटरहून खोल जातो. तिथल्या गॅस कंपन्या कोळशाच्या थरांतला गॅस सुटावा म्हणून त्यांतलं पाणी उपसून, शुद्ध करून, २०१५ पासून काही ठिकाणी या प्रिसिपिसमध्ये परत सोडू लागल्या. वायू नव्हे, नुसतं पाणी. माझ्याकडे दूरदूरच्या गुराखी-शेतकऱ्यांचे बोअर मोजायचं काम होतं. काही महिन्यांत एका बोअरची पातळी चढायला लागली. मला वाटलं, मीटर बिघडला. बदलला. दुसराही तेच सांगू लागला. पाणी सोडायची जागा तिथून कितीतरी किलोमीटर दूर होती. सोडलेल्या पाण्याचा एक थेंबही तिथे पोचला नव्हता; पोचला होता तो दाब. पाणी वर्षाला मीटरांच्या हिशेबात चालतं. दाब महिन्यांत मैलोन् मैल जातो. बाबांच्या विहिरीचं कोडं मला त्या दिवशी त्या उन्हातान्हाच्या माळावर सुटलं: खाणीने आमचं पाणी प्यायलं नव्हतं, दाब ओढून घेतला होता.

त्याच प्रिसिपिसची आणखी एक गोष्ट. कड्यांपाशी मुरलेलं पावसाचं पाणी दगडाच्या उताराबरोबर खोल दक्षिणेकडे जातं, असं पूर्वी नकाशांवर बाण काढून दाखवत. दाबाची मापं नीट जमवल्यावर कळलं की उत्तरेच्या भागात बरंचसं पाणी उलट डॉसन नदीच्या बाजूला निघतं. बाण चक्क फिरले. प्रिसिपिस ज्यात येतो त्या ग्रेट आर्टेशियन खोऱ्याचा ऑस्ट्रेलियाने अभ्यास शंभर वर्षांहून जास्त केला आहे. तरी असं झालं. आपल्याकडे बाण काढायलाच कोणी बसलेलं नाही आणि आकडा मात्र २९१ अब्जांचा छापून तयार आहे.

पुढे मे २०२४ मध्ये क्वीन्सलंडच्या पर्यावरण खात्याने याच प्रिसिपिसमध्ये मूनीजवळ २.३ किलोमीटर खोल कर्बवायू सोडायचा प्रकल्प नाकारला. मिलमेरनच्या वीजकेंद्रातून तीन वर्षांत ३ लाख ३० हजार टन आणायचे होते. पाठोपाठ सरकारने त्या खोऱ्यात अशा साठवणीवर कायद्याने बंदीच घातली. खरं सांगायचं तर सरसकट बंदी मला घाईची वाटली. त्या खोलीवर पाणी जवळजवळ थांबलेलं आहे, असं म्हणणाऱ्यांकडेही आधार होता. पण तिथे भांडायला दोन्ही बाजूंकडे मापं होती, ही गोष्ट मला हेवा वाटावा अशी आहे.

दुसरी तक्रार या पत्राच्या मथळ्यातली. केंद्रीय भूजल मंडळाने २०१२ पासून देशभर जलधरांचे, म्हणजे पाणी धरणाऱ्या थरांचे, नकाशे केले. मोठं काम आहे, मला त्याचा आदर आहे. पण ते मुख्यतः वरच्या दोनशे-तीनशे मीटरपर्यंतचं. राज्याची यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरी मोजते, त्या तर आणखी उथळ. कर्बवायूवाल्यांची गोष्ट आठशे मीटरच्या खाली सुरू होते, कारण त्याच्या वर वायू पुरेसा दाट राहत नाही. मग तीनशे ते आठशे या मधल्या पाचशे मीटरचा मालक कोण? सोडलेला वायू पाण्यापेक्षा हलका असतो, तो वरच चढणार. दाब वर येणार तो याच पट्ट्यातून. इशारा पहिल्यांदा मिळेल तोही इथेच. आणि नेमकी हीच जागा कोणत्याच खात्याच्या टेबलावर नाही. वरचे म्हणतात, एवढं खोल आमचं काम नाही. खालचे म्हणतात, एवढं उथळ आमचं काम नाही. आमच्याकडे दोन गावांच्या शिवेवरच्या नाल्याची जी गत होते, तीच या पाचशे मीटरची.

शिवाय वर्धा खोऱ्यात 'खोल' आणि 'उथळ' हे दोन वेगळे दगडच नाहीत. थर तिरके आहेत. जो कामठीचा वालुकाश्म एका गावात हातपंपाला पाणी देतो, तोच पुढे उतरत शेकडो मीटर खाली जातो. एक टोक आमच्या विहिरीत आणि दुसरं आपल्या नकाशात. खाणी वरच्या टोकाला रात्रंदिवस पाणी उपसत आहेत, म्हणजे दाब तिकडे आधीच कमी आहे. खालच्या टोकाला दाब वाढवला तर पाणी कोणत्या बाजूला निघेल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

खोल पाणी वाहतंच नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी तेलंगणात मणुगुरूजवळ पगिडेरूला जाऊन यावं. तिथे कोळशाच्या शोधासाठी पाडलेल्या बोअरांमधून गरम पाणी आपोआप वर येतं. सिंगरेणी कोळसा कंपनीने त्यावर २० किलोवॅटचं छोटं भू-औष्णिक संयंत्र बसवलं. दगड आमच्याच कुळातला, थोडा खालच्या अंगाला. मोटर नाही, वीज नाही, पाणी मुकाट्याने वर येतं आहे.

त्यावरून तिसरी तक्रार: जुने बोअर. कोळशासाठी या खोऱ्यात गेली कित्येक दशकं बोअर पाडले गेले. किती नीट बुजवले, कशाने बुजवले, कितींवर आता घरं आहेत, याची एकत्र यादी लोकांना दिसेल अशी कुठे ठेवलेली नाही. घुग्घुसच्या आमराई वॉर्डात ऑगस्ट २०२२ मध्ये एक घर उभंच्या उभं जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत खाण होती. खाणीएवढी मोठी पोकळी विसरली जाते, तिथे तीन इंची बोअर कोणाच्या लक्षात राहणार? अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डिकेटरला माउंट सायमन या वालुकाश्मात दोन किलोमीटरहून खोल वायू सोडतात. जगात सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या जागांपैकी ही एक. तिथे निरीक्षणासाठीच पाडलेल्या एका विहिरीची नळी गंजून हजारो टन वायू आणि खारं पाणी परवानगी नसलेल्या थरात गेल्याचं २०२४ मध्ये उघड झालं. पिण्याच्या पाण्यापर्यंत ते पोचलं नाही. पण काम थांबवावं लागलं, आणि त्या भागातल्या माहोमेट जलधराच्या पट्ट्यात साठवण नको, असा कायदा इलिनॉयने २०२५ मध्ये केला. पहाऱ्याला ठेवलेल्या विहिरीनेच दार उघडलं.

चौथी तक्रार 'खारं' या शब्दाची, आणि ती थोडक्यात. आपल्या मानकाप्रमाणे लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार चालतात, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. त्याच्या पलीकडचं सगळं 'खारं, निरुपयोगी' म्हणून साठवणीला मोकळं करायचं का? अमेरिकेचा कर्बवायू साठवणीचा २०१० चा नियम १०,००० मिलिग्रॅमपर्यंतच्या पाण्याला भविष्यातलं पिण्याचं पाणी मानून संरक्षण देतो. मराठवाड्याने रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं आहे. आजचं मचूळ पाणी नातवंडांना लागणार नाही, असं या राज्यात कोणी छातीठोक सांगू नये.

(दख्खनच्या काळ्या दगडात वायू मुरवण्याची चर्चाही आपण करता. आइसलँडमध्ये बेसाल्टात सोडलेल्या वायूचा बहुतांश भाग दोन वर्षांत खनिज झाला, हे खरं आणि आनंदाचं आहे. पण तो वायू भरपूर पाण्यात विरघळवून सोडला होता. आमच्याकडे एवढं पाणी कुठून आणणार, ते वेगळ्या पत्रात विचारीन.)

आता मागण्या.

क्षमतेचा कोणताही नवा आकडा जाहीर करताना त्या थरातल्या पाण्याची दिशा, वेग आणि वय सोबत द्या. ते माहीत नसेल तर आकड्याशेजारी तसं ठळक छापा. वय काढायला कार्बन-१४, क्लोरीन-३६, हेलियम या पद्धती आहेत आणि त्या करणारे लोक आपल्याच देशात आहेत.

वर्धा खोऱ्यासह प्रत्येक गोंडवन खोऱ्यात तीनशे ते आठशे मीटरच्या पट्ट्यात वेगवेगळ्या खोलीवर दाब मोजणारे निरीक्षण-बोअर बसवा. वायूचा पहिला टन सोडण्याआधी किमान पाच वर्षांची नोंद हवी, कारण खाणींचा उपसा आणि पावसाळे त्यातून वेगळे काढायला तेवढा काळ लागतोच. या पट्ट्याची जबाबदारी एका खात्याकडे लेखी द्या. कोणत्या, ते आपण ठरवा.

सीएमपीडीआय आणि एमईसीएल या खाण-खनिज शोधणाऱ्या सरकारी संस्था, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, सगळ्यांनी पाडलेल्या बोअरांची एकच यादी करा: जागा, खोली, बुजवल्याची तारीख, बुजवायला काय वापरलं. ती ग्रामपंचायतीत लावा.

प्रकल्पाची हद्द वायू पसरेल तेवढी धरू नका, दाब पोचेल तेवढी धरा. या दोन हद्दींत फार मोठा फरक असतो आणि पर्यावरण परिणामाच्या कागदात नेहमी लहान हद्द येते. दाबाच्या हद्दीतल्या प्रत्येक गावाची ग्रामसभा घ्या, कागद मराठीत द्या, सिरोंचाकडे तेलुगूत आणि गोंडीतही.

पिण्याच्या पाण्यासाठी राखीव क्षारमर्यादा १०,००० मिलिग्रॅम ठरवा. आणि वायू सोडणं बंद झाल्यावर पुढची पन्नास वर्षं निरीक्षण कोण करणार, बिघडलं तर भरून कोण देणार, हे परवान्यातच लिहा. अमेरिकेच्या नियमातही मुळात पन्नास वर्षंच धरली आहेत. कंपन्या बंद पडतात, त्यांची नावं बदलतात. गाव तिथेच असतं.

यातली एकही मागणी काम थांबवायला सांगत नाही. नॉर्वेच्या स्लाइपनरला १९९६ पासून वालुकाश्मात वायू सोडला जात आहे आणि तो तिथे टिकून आहे. पण तो समुद्राखालचा दगड आहे. त्याच्या वरच्या टोकाला कोणाची विहीर नाही, आणि तिथेही वायू तीन वर्षांतच थराच्या माथ्यापर्यंत चढला, अंदाजापेक्षा लवकर.

बाबांची वही २०१६ मध्ये संपते. शेवटच्या पानावर त्यांनी आकड्याच्या जागी नुसतं 'खडखडाट' लिहिलं आहे, पुढे अमावास्येची तारीख. बत्तीस वर्षांच्या नोंदी आहेत, हातांच्या मापात, पण एकही अमावास्या चुकलेली नाही. त्या मी मीटरमध्ये करून ठेवल्या आहेत. आपल्यापैकी कोणत्याही कार्यालयाने मागितल्या तर त्याच दिवशी पाठवीन.

आपली,
एक भूजल अभ्यासक
ता. भद्रावती, जि. चंद्रपूर